माझं घर, त्यांचं कर्ज

तो माणूस पायांतले बूट न काढता माझ्या हॉलमध्ये शिरला, तेव्हाच मी त्याला परत पाठवायला हवं होतं. उलट मीच म्हणाले, "असू द्या, असू द्या." त्याच्याबरोबर माझा धाकटा भाऊ आला होता. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, कारण ती सवय त्याला मीच लावली होती, तो चार वर्षांचा असताना.

त्या माणसाने मला कार्ड दिलं. नावाखाली छापलं होतं : होम इक्विटी स्पेशालिस्ट. एका खाजगी फायनान्स कंपनीला तो गिऱ्हाइकं मिळवून द्यायचा, पण 'एजंट' हा शब्द त्याला चालत नसे. मी विचारलं, "होम इक्विटी म्हणजे काय हो?" इंजेक्शनची सुई लपवत नर्स लहान मुलाकडे बघून हसते तसा तो हसला. "अम्मा," तो कन्नडमध्ये म्हणाला, "तुमचं घर झोपून राहिलंय. आम्ही त्याला उठवतो."

याला मी उत्तर समजले, ही माझी लायकी. खरं उत्तर मला पुढे दुसऱ्याच एका बाईने दोन मिनिटांत दिलं. ते इथेच लिहून टाकते. घराची आजची किंमत काढायची, त्यावर जुनं कर्ज शिल्लक असेल तर ते वजा करायचं, उरेल तेवढं घर खरोखर तुमचं. त्या उरलेल्यातला काही भाग कर्ज म्हणून मिळतो. शेवटचा हप्ता भरेपर्यंत घराचे मूळ कागद त्यांच्याकडे राहतात, आणि हप्ते थकले तर घर विकायचा हक्कही त्यांचा. यात झोपणं-उठणं कुठेच नाही.

आमची माणसं कितीतरी पिढ्यांपासून म्हैसुरात आहेत. पूर्वी कापड रंगवायची, छापायची. माझ्या वडिलांपर्यंत येता येता रंग गेला आणि एक शिवणयंत्र उरलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण अशी, की पुण्याहून आलेली माणसं ती ऐकताना ओठ दाबून धरतात. मी सरकारी प्रशिक्षण केंद्रात एकतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. प्लॉट सोडतीत लागला, त्यावर घर बांधलं, त्याचं कर्ज निवृत्तीआधी फेडलं. लग्न केलं नाही. बिनलग्नाच्या बाईचं घर म्हणजे सगळ्या कुटुंबाची ठेव, असं आमच्या नात्यागोत्यात बरेच जण धरून चालतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. फक्त घरात आल्यावर भिंतींकडे जरा जास्त वेळ बघतात.

गोकुलममध्ये योग शिकायला परदेशातून माणसं येतात, दोन-तीन महिने राहतात आणि भाडं कुरकुर न करता देतात. माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. गच्चीवर दोन खोल्या चढवायच्या आणि त्या अशा माणसांना द्यायच्या, असं मी निवृत्त झाल्यापासून मनात धरलं होतं. मेस्त्रीने अकरा लाखांचा अंदाज दिला. माझ्याकडे तीन होते. आठ हवे होते. हे मी भावाला बोलून दाखवलं, तिथे पहिली चूक झाली.

भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. त्याचा डबा, त्याच्या फिया, त्याच्या लग्नातला सूट, सगळं माझ्या हातून गेलं. लग्नसमारंभांना मांडव आणि दिवे पुरवण्याचा त्याचा धंदा आहे. दर दोन वर्षांनी धंद्याच्या पाटीवरचं नाव बदलतं. पाटी मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी असते. तो म्हणाला, "अक्का, तू बँकांच्या मागे धावू नको. माझ्या ओळखीचा माणूस आहे. घरी येऊन करून देतो."

तर तो माणूस आला. एप्रिलच्या उन्हात गळ्यात टाय. माझ्या परवानगीशिवाय स्वयंपाकघरात डोकावला, मागच्या दारापर्यंत गेला, गच्चीचा जिना बोटाने मोजला. मग बसून माझी कॉफी प्यायला आणि म्हणाला, "अम्मा, अशी कॉफी माझ्या आईनंतर आजच." मी खूश झाले. हे लिहितानाही मला माझी किळस येते. एकतीस वर्षं मुलींच्या गोड बोलण्याला न भुललेली बाई, अर्धा इंच चुकला तर सगळी शिवण उसवायला लावणारी, एका पेल्याच्या स्तुतीवर विरघळली.

"व्याज किती?" मी विचारलं.

"लाखाला फक्त अकराशे छत्तीस रुपये, अम्मा."

"म्हणजे टक्के किती?"

"टक्के बघून घाबरायचं नसतं. महिन्याला काय जातं ते बघायचं."

"किती महिने?"

"ते सगळं सिस्टीम ठरवते," तो म्हणाला आणि भावाकडे वळून क्रिकेटचं काहीतरी बोलला. भाऊ हसला. मग फॉर्म निघाले. जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे मी सही केली. रकमेचा रकाना कोरा होता. मी बोट ठेवलं तर तो म्हणाला, "किंमत काढणारे येऊन गेले की भरू." प्रक्रिया शुल्काचा अकरा हजार आठशेचा चेक दिला. वकिलाला दाखवायला म्हणून त्याने घराचं मूळ खरेदीखत मागितलं. मी ते कपाटातून काढून दिलं. पावती मागितली नाही. पावती ऑफिसातून देतो, असं तो आपणहून म्हणाला, तेवढं मला पुरलं.

पुढच्या आठवड्यात किंमत काढणारा आला. मोबाइलवर बोलतच तो घराभोवती फिरला, चार फोटो काढले, दहा मिनिटांत गेला. जे उभं करायला मला सात वर्षं लागली होती त्यावर त्याने एका हाताने आकडा टाकला, कारण दुसऱ्या हातात फोन होता. वकिलाला मी कधी पाहिलंच नाही.

वीस-बावीस दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. अकरा पानं, बारीक इंग्रजी टाइप. मी चष्मा लावून जेवणाच्या टेबलावर बसले. कर्जाची रक्कम : सव्वीस लाख दहा हजार. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय. पत्ता पाहिला. घर माझंच होतं. मुख्य कर्जदार : माझा भाऊ. सहकर्जदार आणि मालमत्तेची मालक : मी. मुदत एकशे ऐंशी महिने. म्हणजे मी शहात्तर वर्षांची होईपर्यंत. मी कागदावर गुणाकार केला. त्रेपन्न लाखांच्या पुढे गेला. पुन्हा केला. तेवढाच आला.

भावाला बोलावलं. तो आला, पत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "आय्तु, झालं की मंजूर!"

"आठ लाख मागितले होते मी."

"अक्का, ऐक. वयामुळे तुझ्या एकटीच्या नावावर जास्त वर्षं मिळत नाहीत. म्हणून मला पुढे घेतलं. आणि घर एवढं मोठं, आठच कशाला घ्यायचे? पंचवीस मागितले. तुझे आठ तुला. बाकीचे मी धंद्यात घालतो. हप्ता मीच भरणार."

"धंद्यात कशात?"

लग्नाच्या स्टेजमागे लावायचे मोठे एलईडी पडदे त्याला विकत घ्यायचे होते. आता सगळे तेच मागतात म्हणे. एका माणसाला त्याने शब्दही दिला होता.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

एवढा प्रामाणिकपणा त्याने फार वर्षांनी दाखवला. मी पत्राची घडी घातली. तेव्हा त्याला वाटलं, मी विरघळते आहे. तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "सुम्ने, उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नको, अक्का. घर शेवटी कुणाला जाणार आहे?"

माझ्याच टेबलाशी, माझ्याच खुर्चीत बसून तो माझ्या मरणानंतरचा हिशेब करत होता, आणि ते त्याला वाईट वाटत नव्हतं. उशीर होतोय एवढंच वाटत होतं. मी म्हणाले, "मेल्यावर जायचं तिथे जाईल. अजून मी आहे." तो उठला. जाताना मात्र दार हळूच लावलं. त्याने ते आपटलं असतं तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला असता.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन, जिथे माझी पेन्शन जमा होते त्या सरकारी बँकेत गेले. कर्जाच्या टेबलाशी तिशीतली एक अधिकारी बाई बसली होती. तिने वर पाहिलं नाही, बसा म्हणाली नाही, टाइप करत राहिली. समोरच्या वाटीतले शेंगदाणे मधेच तोंडात टाकत होती. मी मनात म्हटलं, ही आणखी एक. खुर्ची ओढताना पदर अडकला आणि माझ्या तोंडून मराठीत काहीतरी निघालं. तिने मान वर केली.

"मराठी का तुम्ही? बोला."

ती साताऱ्याकडची, बदलीवर आलेली. तिच्यासमोर मी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला आणि दोन वाक्यांत फसले, मग आपल्या नेहमीच्या भाषेत सांगितलं. तिने ओठ दाबले नाहीत. बहुधा तिला तेवढा वेळ नव्हता. पत्र हातात घेऊन ती मागच्या पानापासून वाचू लागली.

"कशासाठी हवंय कर्ज?"

"गच्चीवर खोल्या बांधायला."

"मग घर तारण ठेवून हे असलं कर्ज कशाला? बांधकामाला, घर वाढवायला वेगळं कर्ज असतं. व्याज कमी. इथे तुम्ही त्याहून दोन टक्के जास्त देताय."

"त्यांनी सांगितलं नाही."

"कशाला सांगतील? बांधकामाच्या कर्जाला मंजूर नकाशा लागतो, इंजिनिअरचा अंदाज लागतो, काम जसं होईल तसे टप्प्याने पैसे मिळतात. तारण कर्जात पैसे एकदम हातात. कशात घातले ते कुणी फारसं विचारत नाही. आणि त्यात आणणाऱ्याला कमिशन बरं मिळतं." तिने पान उलटलं. "रक्कम तुम्ही पंचवीस म्हणताय, इथे सव्वीस-दहा आहे. हे वरचे एक लाख दहा हजार विम्याचे. हप्ता एकदम भरायचा, तोही कर्जातूनच, म्हणजे त्यावरही पंधरा वर्षं व्याज. सक्तीचा नसतो हा विमा. आणि विमा कुणाच्या जिवाचा, पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. भावाच्या जिवाचा होता.

"व्याजदर बदलता आहे," ती पुढे म्हणाली. "दर वाढला तर बहुतेक वेळा हप्ता तेवढाच ठेवतात आणि महिने वाढवतात. माणसाला कळतही नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्यात?"

"हो."

"शिकलेल्या दिसता."

"शिकवत होते."

यावर तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला, आणि त्या शेंगदाण्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी भावाशी भांडताना वाटली नव्हती. "पैसे खात्यात पडलेले नाहीत अजून," ती म्हणाली. "पडायच्या आत लेखी कळवा, कर्ज नको म्हणून. पोच घ्या. शुल्काचे पैसे परत मिळतील असं धरू नका. पण मूळ खरेदीखत आधी ताब्यात घ्या. त्यानंतर माझ्याकडे या."

स्पेशालिस्टचं ऑफिस सरस्वतीपुरममध्ये, मोबाइलच्या दुकानाच्या वर. सकाळी दहा वाजता मी अर्ज पुढे केला. त्याने वाचला आणि मी अम्माची मेडम झाले.

"मेडम, आता फाईल रद्द होत नाही. सिस्टीममध्ये लॉक झाली."

"पैसे दिलेत का तुम्ही?"

"नाही, पण—"

"मग कुलूप कशाला लावलंत? मला पोच द्या आणि माझं खरेदीखत द्या."

"ते बेंगळुरूला गेलंय. आठ-दहा दिवस लागतील. तुम्ही घरी जा, मी फोन करतो."

मी बसले. प्लास्टिकच्या खुर्चीत, पंख्याखाली. घरून पुळियोगरेचा, चिंचेच्या भाताचा डबा आणला होता, कारण असंच होणार हे बँकेतली बाई म्हणाली होती. एक वाजता तिथेच उघडून जेवले. चिंचेचा आणि हिंगाचा वास त्या बंद खोलीत भरून राहिला. तो दोनदा बाहेर जाऊन आला. भावाला फोन लावला असणार, कारण थोड्या वेळाने मला भावाचा फोन आला. मी उचलला नाही.

तीनच्या सुमाराला एक जोडपं आलं. नवरा रिक्षा चालवणारा, खाकी शर्टातच होता. बायकोच्या हातात पिशवी आणि पिशवीत घराचे कागद, मला वरूनच कळलं. स्पेशालिस्ट त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "अम्मा, लाखाला फक्त—"

"किती महिने, ते विचार," मी माझ्या खुर्चीतून त्या बाईला कन्नडमध्ये म्हणाले. "आणि कागद दिलेस तर पावती घे. माझे कागद बेंगळुरूला गेलेत. सकाळपासून बसले आहे."

बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग तो स्पेशालिस्ट उठला, पाठीमागचं लोखंडी कपाट उघडलं आणि माझी फाईल बाहेर काढली. बेंगळुरू त्याच्या खुर्चीपासून सहा फुटांवर होतं.

मला वाटलं होतं की या क्षणी मी त्याला काहीतरी ठणकावून सांगेन. त्याचा चेहरा बघितला तर तो नुसता कंटाळलेला होता. लाज नव्हती, रागही नव्हता. त्याच्यापुरती मी एक फसलेली फाईल होते, आणि असल्या महिन्याला चार-पाच होतच असतील. मी खरेदीखताची बावीसच्या बावीस पानं मोजली, प्रत्येक पानावरचा शिक्का पाहिला, अर्जावर पोच घेतली आणि जिना उतरले. ते जोडपं माझ्यामागून उतरलं की तिथेच राहिलं, ते मी पाहिलं नाही. राहिलं असेल. माणसं राहतात.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि म्हणूनच नीट झालं. साताऱ्याच्या बाईने मला कागदांची यादी दिली : महापालिकेच्या नोंदीचा उतारा, घरावर बोजा नसल्याचा दाखला, मंजूर नकाशा, अंदाजपत्रक, पेन्शनचे कागद. नकाशासाठी मी महापालिकेत सहा खेपा घातल्या. तिथल्या कारकुनांवर लिहायला बसले तर वेगळं पुस्तक होईल, आणि ती माणसं पुस्तकाच्या लायकीची नाहीत. नकाशात गच्चीवर दोन खोल्या बसल्या नाहीत, एकच बसली. मेस्त्रीने सात लाखांचा नवा अंदाज दिला. माझे तीन घालून मी चार लाखांचं कर्ज घेतलं, दहा वर्षांचं, माझ्या एकटीच्या नावावर. हप्ता माझ्या पेन्शनीतून जाईल आणि तरी मला जेवता येईल, हे त्या बाईने माझ्याकडूनच कागदावर मांडून घेतलं. तिने स्वतः एकही आकडा लिहिला नाही.

ती कधी गोड बोलली नाही. भिंती उभ्या राहिल्यावर, स्लॅब पडल्यावर, असं प्रत्येक टप्प्याला ती किंवा तिचा माणूस येऊन बघून गेला, तेव्हाच पुढचे पैसे सुटले. एकदा मी कॉफी पुढे केली तर म्हणाली, "पाणी चालेल." सिमेंटच्या पोत्यांची बिलं मी उशिरा दिली म्हणून तिने मला सगळ्यांसमोर झापलं. मला राग आला. घरी येऊन मी बिलं तारखेप्रमाणे लावली.

खोली डिसेंबरात तयार झाली. पहिली भाडेकरू आली ती पोर्तुगालची, पन्नाशीची बाई. पहाटे चारला उठून योगवर्गाला जाते आणि आल्यावर माझ्या गच्चीवर पपई खाते. भाडं महिन्याच्या एक तारखेला देते. ती माझ्या नातेवाइकांपैकी नाही, त्यामुळे भिंतींकडे बघत नाही.

भाऊ सात-आठ महिने आला नाही. त्याच्या बायकोकडून कळलं की पडदे घेतले. मग एका रविवारी दुपारी तो दारात उभा. हातात प्लास्टिकचं फोल्डर. "अक्का, जरा वाचून दे ना. इंग्रजी बारीक आहे."

मंजुरीचं पत्र होतं. घर त्याच्या सासऱ्याचं. कंपनी तीच, पत्राला टाचलेलं कार्ड त्याच स्पेशालिस्टचं. मी चष्मा लावला आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एकरकमी विमा होता. बदलता दर होता. मुदतीआधी फेडलं तर दंड होता. मी तीन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली आणि एकेक करून त्याला समजावून सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याची नजर जिन्याकडे होती.

"वरच्या खोलीचं भाडं किती येतं गं?" त्याने विचारलं.

"तू ऐकतोयस का? सासऱ्यांना हे माहीत आहे?"

"त्यांनी सही केलीय. पैसे पण आलेत मागच्या महिन्यात."

"मग माझ्याकडून वाचून कशाला घेतोस?"

तो जरा ओशाळला. लहानपणी खिडकीची काच फोडून घरी यायचा तेव्हा असाच दिसायचा. "तू एकदा म्हणालीस की बरं आहे, तर मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला.

"बरं नाही."

त्याने कागद फोल्डरमध्ये घातले, फोल्डर मांडीखाली ठेवलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं. हुळीसारू, म्हणजे आमची आंबट आमटी, आणि भात होता. मी ताट वाढलं. तो पोटभर जेवला.